खोटी बिलं, गोड माणसं: आरोग्यक्षेत्रातले छुपे गुन्हेगार तुम्हाला भेटलेत का?

शब्दपिसारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना गेल्या महिन्यात पोलीस घेऊन गेले. रुग्णांना लागणारी उपकरणं पुरवायचा त्यांचा धंदा: वॉकर, ऑक्सिजनची यंत्रं, कमरेचे-गुडघ्याचे पट्टे. आरोप असा की बरीचशी उपकरणं फक्त बिलातच होती. माल कुणाला गेलाच नाही, विमा कंपनीकडून पैसे मात्र येत राहिले.

माणूस कसा होता म्हणाल, तर इमारतीत कुणी आजारी पडलं की सगळ्यांच्या आधी हा हजर. रात्री-अपरात्री गाडी काढणार, दवाखान्यात ओळख लावून देणार, म्हाताऱ्यांचे विम्याचे फॉर्म भरून देणार. आता कळतंय की फॉर्म भरताना कार्डांचे नंबर आणि सह्या आपसूकच त्याच्या हाती येत होत्या. माझ्या आईच्या नावावरही गुडघ्याचे पट्टे निघालेत. आईचे गुडघे उत्तम आहेत. जिने चढण्यात ती मला मागे टाकते.

दोन प्रश्न आहेत. असं कुणी तुमच्या ओळखीत निघालं का, आणि मागे वळून बघताना काही खूण दिसते का? आणि दुसरं, हॉस्पिटलचं बिल तुम्ही ओळ न् ओळ वाचता का?

आडवा_तिडवा

पट्टे किती निघाले आईंच्या नावावर?

शब्दपिसारा

चार.

आडवा_तिडवा

दोन धुवायला टाकले की दोन घालायला. दूरदृष्टी आहे माणसाला.

कोडगी

पिसाराताई, तुमच्या शेजाऱ्यांनी नवं काही शोधलेलं नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत नेमक्या याच पट्ट्यांवरून मोठी धरपकड झाली होती. म्हाताऱ्या माणसांना कॉल सेंटरवरून फोन जायचा, ‘फुकट पट्टा हवा का?’ मग एखादा डॉक्टर रुग्णाला न बघता, फार तर फोनवर चार शब्द बोलून, चिठ्ठीवर सही करायचा. पुरवठादार मेडिकेअरला (म्हाताऱ्यांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा) बिल लावायचा आणि डॉक्टर-कॉल सेंटर दोघांनाही वाटा पोचवायचा. २४ जणांवर आरोप ठेवले गेले. सरकारी आकडा १२० कोटी डॉलरच्या वर होता. पट्टाच का, तर तो स्वस्त असतो, बिल भरपूर लागतं, आणि वापरला की नाही हे कुणी तपासत नाही. शस्त्रक्रियेची निदान खूण तरी राहते अंगावर.

मी मेडिकल कोडिंग करते (आयडीवरून विनोद करायचे ते सगळे करून झालेत, नवीन असेल तर ऐकवा). डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून त्याला आजाराचा आणि उपचाराचा कोड लावायचा, त्या कोडवर पैसे ठरतात. त्यामुळे खोटेपणाचे प्रकारही कोडच्या आसपासच असतात. पाच मिनिटं बघितलेल्या रुग्णाला ‘गुंतागुंतीची तपासणी’चा वरचा कोड लावतात, त्याला आम्ही अपकोडिंग म्हणतो. एकाच पॅकेजात येणाऱ्या चार चाचण्या सुट्ट्या करून चारदा पैसे मागतात, ते अनबंडलिंग. आणि न केलेल्या गोष्टीचं बिल, हे सगळ्यात सरळसोट. त्याला कौशल्य लागत नाही, फक्त रुग्णाचा नंबर लागतो.

आमच्या टेबलावर ते लक्षात येतं कसं? एका डॉक्टरच्या एका दिवसाच्या तपासण्यांचे तास जोडले की बेरीज चोवीसच्या वर जाते. वीस रुग्णांच्या नोंदीत तोच परिच्छेद, तीच शुद्धलेखनाची चूक. पुरुषाच्या फाइलीत गर्भाशयाची सोनोग्राफी. हे दिसलं की आम्ही शेरा मारून वर पाठवतो. वर काय होतं ते वरच्यांना ठाऊक.

गोळी_देतो_डॉक

धागा वाचला. आता बोलू का, की आधीच दोषी ठरलो आहे?

बिलात चूक आहे म्हणजे फसवणूक आहे, हे समीकरण आधी थांबवा. मेडिकेअरचे ‘अयोग्य रकमा दिल्या’ असे जे मोठाले आकडे छापून येतात त्यात बराच मोठा भाग कागद अपुरे असल्याचा असतो. सही राहिली, तारीख राहिली, उपचार मात्र खराखुरा झालेला. बातमीत सरसकट ‘लूट’ छापतात.

आणि उलटा प्रकार कुणी सांगत नाही. आम्ही खरोखर तासभर बसून रुग्ण तपासायचा, कंपनीने न विचारता खालचा कोड लावून पैसे कापायचे. मंजूर झालेला उपचार नंतर नामंजूर करायचा. त्याला कोणतं कलम लागतं?

चौकस_म्हातारी

डॉक्टरसाहेब, रागावू नका. तुमच्यासारख्यांमुळेच आमचे हे अजून हिंडताहेत.

पण बिल मी वाचते. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी उशाशी वही ठेवली होती. कुणी आलं, काय टोचलं, किती वाजता, सगळं लिहायचं. वेळ जात नव्हता म्हणून, संशय म्हणून नव्हे. शेवटी बिल आलं तर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीची भेट लावलेली. त्या सकाळी हे टेबलावर भूल घेऊन पडले होते! काउंटरवरच्या मुलाला वही दाखवली. म्हणाला, ‘आजी, सिस्टीममध्ये आपोआप पडतं.’ मी म्हटलं, सिस्टीममधून आपोआप निघतं का ते बघ. निघालं.

त्यात फसवणूक होती असं मी म्हणत नाही. पण इतक्या वर्षांत माझ्या बाजूने झालेली एकही चूक मी बघितली नाही. सिस्टीम कधी एखादं इंजेक्शन विसरत कशी नाही?

टवाळखोर

आजी, तुमची वही लेखापरीक्षणाला पाठवा. अर्धी हॉस्पिटलं नवस बोलतील.

गोळी_देतो_डॉक

आजी, विसरते हो. आमच्याकडे रोज विसरते. फक्त ते रुग्ण काउंटरवर सांगायला येत नाहीत. :)

चौकस_म्हातारी

हे मात्र खरं बोललात.

रातपाळी

मी नर्स आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आले आहे, जरा लांबेल.

शिकून बाहेर पडल्यावर एका लहान हॉस्पिटलात रात्रपाळीला होते. चार्ज घेताना रजिस्टरात जितके रुग्ण, तितके पलंगांवर नसायचे. आधी वाटलं, डिस्चार्जची नोंद राहिली असेल. मग सिनियर सिस्टरांनी शांतपणे सांगितलं की त्या नावांचेही ताप-नाडी-बीपी भरायचे. ‘अंदाजे घाल, पण सगळ्यांचं सारखं नको.’ हे वाक्य अजून कानात आहे. दिवसा ती माणसं यायची, सह्या करायची, घरी जायची. कागदावर मात्र त्यांना सलाइन चालू असायचं, रात्रीतून दोनदा ताप चढून उतरायचा.

मी भरलं नाही. कुणी ओरडलं नाही की धमकी दिली नाही. माझी पाळी बदलली, मग सुट्ट्या अडकू लागल्या, मग मीच सोडलं. तक्रार का केली नाही असं विचाराल. कुणाकडे करायची हेच ठाऊक नव्हतं आणि पगार त्यांच्याच हातात होता.

आता मालकांबद्दल. सगळ्या स्टाफचे वाढदिवस पाठ. वॉर्डबॉयच्या मुलीची फी गुपचूप भरलेली मला माहीत आहे. खरा गरीब रुग्ण आला तर बिल निम्मं करायचे, आणि मनापासून करायचे, नाटक नव्हतं ते. नंतर कधीतरी त्यांच्यावर कारवाई झाल्याचं कानावर आलं तेव्हा जुन्या स्टाफमधले निम्मे म्हणाले, देवमाणसाला अडकवलं. पिसाराताई, खूण विचारलीत ना? मला माणसात काहीच दिसली नव्हती. रजिस्टरात दिसली होती.

मोजपट्टी

रातपाळी, शेवटचं वाक्य मी चोरणार आहे.

मी ऑडिटमध्ये आहे आणि आमच्या क्षेत्रातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे कोलंबिया/एचसीए. खासगी रुग्णालयांची अमेरिकेतली सर्वांत मोठी साखळी. मेडिकेअरला वर्षाअखेर खर्चाचा अहवाल द्यायचा असे, त्यावर परतावा ठरे. तर अहवाल दोन बनायचे. एक सरकारसाठी, त्यात बसवता येईल तो सगळा खर्च बसवलेला. दुसरा गोपनीय, त्यात खरोखर टिकेल असा हिशोब, आणि दोन्हींतल्या फरकाची तरतूद बाजूला ठेवलेली. उद्या पकडले गेलोच तर परत करायला! म्हणजे किती रक्कम पचणार नाही हे आधीच आणे-पैशांत लिहून ठेवलेलं. मोंटानातल्या एका छोट्या रुग्णालयाच्या जिम अल्डरसन नावाच्या हिशोबनीसाने असे दोन अहवाल करायला नकार दिला, त्याची नोकरी गेली, आणि त्याने खटला भरला. २००० आणि २००३ च्या तडजोडी मिळून कंपनीने सुमारे १७० कोटी डॉलर भरले.

त्या काळातले सीईओ रिक स्कॉट १९९७ मध्ये पायउतार झाले. त्यांच्यावर व्यक्तिशः आरोप ठेवला गेला नाही. पुढे ते फ्लोरिडाचे गव्हर्नर झाले, मग सिनेटर.

टवाळखोर

आणि अल्डरसनला काय मिळालं? सत्कार, शाल-श्रीफळ?

मोजपट्टी

त्याहून बरं. ज्या कायद्याखाली त्याने खटला भरला, त्यात सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीतला हिस्सा मिळतो, प्रकरणानुसार १५ ते ३० टक्के. कायदा आहे १८६३ चा, लिंकनच्या काळातला. यादवी युद्धात ठेकेदार सैन्याला आजारी खेचरं आणि भुसा मिसळलेली बंदुकीची दारू विकत होते. आतल्या माणसाने सांगितल्याशिवाय हे कळणार नाही हे ओळखून बक्षीस ठेवलं. १९८६ मध्ये दुरुस्ती करून नुकसानीच्या तिप्पट वसुलीची सोय केली आणि पुढे आरोग्यसेवा हेच त्या कायद्याचं मुख्य रणांगण झालं.

आडवा_तिडवा

खेचरापासून गुडघ्याच्या पट्ट्यापर्यंत. पुरवठादार तेच, रुग्ण बदलले.

ढगात_राहणारा

अवांतर होईल, पण ‘छुपे गुन्हेगार’ म्हटल्यावर राहवत नाही. बेलग्रेडमध्ये दाबिच नावाचे एक पर्यायी उपचारवाले बाबा होते. पांढरी लांब दाढी, डोक्यावर बुचडा, मोठा चष्मा. ऊर्जेने बरं करायचे, व्याख्यानं द्यायचे, आरोग्य-मासिकात सदर लिहायचे. शेजारच्या बारमध्ये जाऊन लोकांबरोबर पारंपरिक वाद्य वाजवायचे. २००८ च्या जुलैमध्ये बसमधून उतरवलं तेव्हा जगाला कळलं की हे रादोवान काराजिच! बोस्नियातल्या नरसंहाराचा आरोपी, १९९५ पासून हेगच्या न्यायालयाला हवा असलेला. मुळात शिकलेला मानसोपचारतज्ज्ञ. २०१९ मध्ये अपिलात शिक्षा वाढवून जन्मठेप झाली (आधी ४० वर्षं होती).

विचार करा, कुणीतरी मनातली भीती घेऊन त्याच्यासमोर बसलं असेल आणि बरं वाटून घरी गेलं असेल.

पूर्वाश्रमीची

बारमधल्या भिंतीवर त्याच्याच मूळ रूपातला फोटो लावलेला होता असं वाचलंय. त्याच्या खाली बसून वाजवायचा!

आपल्याकडचंही घ्या. २००८ मध्ये गुरगावचं किडनी रॅकेट. एका साध्या घरात शस्त्रक्रिया चालायच्या. सूत्रधार अमित कुमार नेपाळमध्ये चितवनच्या रिसॉर्टमध्ये सापडला. शेजाऱ्यांना तिथे चालतंय काय याचा पत्ता नव्हता.

खुर्ची_संपादक

मंडळी, नरसंहार आणि किडनी बाजूला ठेवून गुडघ्यावर येऊ या का?

रातपाळी

येते. कर्करोगतज्ज्ञ फरीद फता यांचं प्रकरण कुणीच कसं काढलं नाही? मिशिगन राज्यातला मोठा दवाखाना, रुग्ण लांबून यायचे, भेट मिळाली तर नशीब समजायचे. ज्यांना कर्करोग नव्हता त्यांनाही केमो. ज्यांचा बरा झाला होता त्यांना तर वर्षानुवर्षं. कारण औषध टोचल्यावर बिल लागतं, ‘गरज नाही’ सांगितल्यावर लागत नाही. न्यायालयात ५५३ रुग्णांचा आकडा आला. २०१५ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा झाली.

आमच्यात या प्रकरणाची चर्चा होते ती वेगळ्या कारणाने. २०१० मध्ये एक नर्स तिथे नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. काही तास काम बघितलं आणि औषध देण्याची पद्धतच चुकीची आहे हे ओळखून तिने थेट राज्याच्या नियामकांना लिहिलं. उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही. २०१३ मध्ये त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरने एक रुग्ण तपासली, तिला कर्करोगच नव्हता. त्याने व्यवस्थापकाला सांगितलं, व्यवस्थापकाने तपास यंत्रणेला, आणि काही आठवड्यांत अटक झाली. मधली तीन वर्षं कुणाच्या शिरांतून गेली ते बघा.

गोळी_देतो_डॉक

फताला पकडून देणारा डॉक्टरच होता, एवढी नोंद माझ्या बाजूने करा.

आणि गंभीरपणे, पिसाराताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला इथेच मोठं भोक आहे. बिल ओळ न् ओळ वाचून काय सापडलं असतं? केमो दिली, केमोचं बिल लावलं. हिशोब चोख. कॅलिफोर्नियात रेडिंग नावाच्या गावातलं प्रकरणही तसंच. धडाधड बायपास व्हायच्या, रुग्णालयाचं नाव होतं. २००२ मध्ये एका धर्मगुरूला तातडीची बायपास सांगितली. तो दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला तर हृदय ठणठणीत. त्याच्या तक्रारीनंतर एफबीआयची धाड पडली. मालक कंपनीने सरकारला ५ कोटी ४० लाख डॉलर दिले, रुग्णांना त्याहून कितीतरी जास्त. डॉक्टरांवर फौजदारी खटला मात्र चालला नाही. त्या बायपासचं बिल आजींच्या वहीशी तंतोतंत जुळलं असतं. सुई टोचली, हो. छाती उघडली, हो. उघडायची होती का, हे वहीत कुठून येणार?

म्हणून मी माझ्याच रुग्णांना सांगतो, मोठ्या शस्त्रक्रियेआधी दुसरं मत घ्या. आणि ते त्याच डॉक्टरने सुचवलेल्या मित्राकडे नको.

चौकस_म्हातारी

पटलं. वही अपुरी आहे. तरी ठेवणार.

कोडगी

डॉक, आज पहिल्यांदा आपलं एकमत झालंय, तारीख लिहून ठेवते.

हार्वर्डचे माल्कम स्पॅरो हेच सांगत आलेत. ते आधी इंग्लंडात पोलिसांत गुन्ह्यांचा तपास करणारे अधिकारी होते. म्हणणं असं की बिल तपासणारी यंत्रणा बिल नीट भरलंय का ते बघते, ते खरं आहे का ते बघत नाही. कोड वैध, वय जुळतं, रक्कम मर्यादेत, की पैसे सुटले. त्यामुळे चूक करणारा भोळा डॉक्टर अडकतो आणि बिल बरोबर भरायला शिकलेला चोर सुटतो. नामंजुरीचं पत्र आलं की यंत्रणा त्याला फुकट शिकवणीच देते: या रकान्यात हे चालत नाही, पुढच्या वेळी सुधारा.

आकडेमोड्या

भारतातलंही बोलू. आयुष्मान भारत योजनेवरचा कॅगचा अहवाल २०२३ मध्ये आला. एकाच मोबाइल क्रमांकाला साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी जोडलेले. क्रमांक कोणता? ९९९९९९९९९९. आणि पुढे काय पुरावा हवा?

मोजपट्टी

थांबा, तो पुरावा तुम्हाला वाटतो त्याचा नाही. सरकारचा खुलासा होता की लाभार्थ्याची ओळख मोबाइलवरून पटवली जात नाही, तो रकाना फक्त संपर्कासाठी आहे. नाव नोंदवणाऱ्याने फोन नसलेल्या माणसासाठी नऊ दाबत नेले असणं अगदी शक्य आहे. आळस आहे तो.

त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. आधी ‘मृत’ म्हणून नोंद झालेल्या ३४४६ रुग्णांच्या नावावर पुढेही उपचारांचे दावे मंजूर झाले होते. रक्कम ६.९७ कोटी रुपये. इथे निदान विचारायला हवं की नोंद चुकली, की माणूस?

टवाळखोर

मेल्यावरही कॅशलेस. आमचं जिवंतपणी होत नाही.

पूर्वाश्रमीची

हसू आलं, पण २०२४ च्या नोव्हेंबरचं अहमदाबादचं प्रकरण आठवून थांबलं. गावात मोफत तपासणी शिबिर, तिथून १९ जणांना बसमध्ये घालून रुग्णालयात नेलं, सगळ्यांची अँजिओग्राफी, सात जणांना स्टेंट. दोघे दगावले. योजनेचे पैसे मिळवण्यासाठी गरज नसताना केल्याचा आरोप आहे, अटका झाल्या. ज्यांना काही त्रासच नव्हता ते फुकट तपासणी म्हणून गेले होते.

रातपाळी

हो. आणि नातेवाइकांना कळलं कधी, तर सगळं उरकल्यावर.

वकिलीणबाई

कुणी विचारण्याआधीच सांगते, शिक्षा होते का? फताला ४५ वर्षं झाली, बरोबर. पण मायामीचा फिलिप एसफॉर्म्स बघा. वृद्धांसाठीच्या शुश्रूषागृहांची साखळी. रुग्णांना गरज नसताना इथून तिथे फिरवत ठेवायचं, हा गाभा. सरकारी पक्षाने १३० कोटी डॉलरचं प्रकरण म्हणून मांडलं. २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. २०२० च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ती कमी केली, साहेब बाहेर.

माझ्या कामात मात्र मोठे मासे कमी येतात. जास्त येतात ते मध्यम. एजंट, लॅबवाले, आणि (आता शिव्या खाते) रुग्णही. ओळखीतल्या एकाने मित्राला आपलं विम्याचं कार्ड वापरायला दिलं. ‘कंपनीचेच तर पैसे, कुणाचं काय जातंय?’ मित्र याच्या नावावर भरती झाला, बरा झाला, गेला. आता याच्या फाइलीत मधुमेह लिहिलेला आहे आणि मित्राचा रक्तगट. पुढच्या वर्षी स्वतःसाठी दावा केला तर ‘आजार लपवला’ म्हणून नामंजूर. आणि तो सांगणार काय? मला मधुमेह नाही, मी फक्त फसवणूक केली होती?

आडवा_तिडवा

उद्या रक्त चढवायची वेळ आली तर कंपनीचं काय जातंय ते नीटच कळेल.

शब्दपिसारा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय, आईलाही वाचून दाखवतेय. तिने आजींना नमस्कार सांगितलाय आणि वही आणायला सांगितली आहे.

वकिलीणबाईंच्या ‘कुणाचं काय जातंय’वरून बरंच सुचलं. त्या गृहस्थांना आमच्या कुणाचं वाईट करायचं नव्हतं असं मला अजूनही वाटतं. म्हणजे आईला औषध आणून देणारा माणूस आणि आईच्या नावाने चार पट्टे लावणारा माणूस यांच्यात त्याला भांडण दिसतच नसणार. पट्ट्यांमुळे आईच्या घरातलं काही गेलं नाही ना! ज्याचं गेलं त्याला चेहरा नाही. चोरी समोरच्याची केली असती तर कदाचित नजर चुकवली असती त्यांनी. इथे नजर चुकवायचं कारणच नव्हतं.

गोळी_देतो_डॉक

इतकं सोडू नका हो त्याला. त्या पट्ट्यांमुळे आईंच्या फाइलीत गुडघ्याचा आजार चिकटलाय. उद्या खरंच गुडघा दुखला आणि पट्टा लागला तर ‘आधीच चार दिलेत’ म्हणून अडवतील. आणि पुढच्या डॉक्टरला चुकीचा इतिहास दिसेल तो वेगळाच.

शब्दपिसारा

हे झालंच आहे. नोंद काढा म्हणून गेले तर काउंटरवर म्हणाले, पट्टे मिळाले नाहीत याचा पुरावा आणा.

टवाळखोर

न मिळालेल्या पट्ट्याची पावती. सोबत दोन प्रती.

वकिलीणबाई

तोंडी बोलून काही होणार नाही. लेखी अर्ज द्या: अमुक तारखेच्या अमुक वस्तू मला मिळालेल्या नाहीत, माझी सही कुठे आहे ती दाखवा. पुरावा तुम्ही आणायचा नाही, माल पोचवल्याची पावती त्यांनी दाखवायची. पोलीस केस चालू आहे तर तिचा क्रमांक अर्जात टाका, आणि तपास अधिकाऱ्याला आईंचा जबाब घ्यायला सांगा. विमा कंपन्यांकडे फसवणुकीच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष असतो, अर्ज तिकडे पाठवा. ग्राहकसेवेच्या फोनवर आयुष्य घालवू नका.

कोडगी

आणि पैशांची नोंद रद्द झाली म्हणजे आजाराची झाली असं समजू नका. दोन्ही वेगळ्या जागी असतात. दावा मागे घेतला तरी निदानाचा कोड फाइलीत तसाच राहतो. अर्जात ‘निदानाची नोंदही दुरुस्त करावी’ हे स्वतंत्र वाक्य घाला. हे नव्वद टक्के लोक विसरतात. आकडा माझ्या मनचा आहे, मोजपट्टी, धावून येऊ नका.

मोजपट्टी

निघालोच होतो.

नवखा_वाचक

पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या वडिलांना परवा डिस्चार्ज आहे. कॅशलेस आहे. बिल विम्याकडे परस्पर जाणार, आम्हाला फक्त सही करायची आहे असं सांगितलंय. मग वाचायचं कधी?

चौकस_म्हातारी

सहीच्या आधी, बाळा. सुट्ट्या नोंदींचं बिल माग, एकरकमी नको. गाडी आली, घाई करा म्हणतील. गाडीला थांबायला सांग.

रातपाळी

औषधांचा तक्ताही बघा. किती दिली आणि किती परत केली, दोन्ही. परत केलेली औषधं बिलातून वजा झालीत का तेवढं विचारा, नर्सिंगच्या टेबलावर नोंद असते. आणि कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही करू नका, कितीही गोड माणूस पेन पुढे करत असला तरी.

नवखा_वाचक

धन्यवाद. आज सकाळीच दोन कोऱ्या फॉर्मवर घेतल्या त्यांनी सह्या. आता काय करू?

वकिलीणबाई

आत्ता जा आणि त्या फॉर्मच्या प्रती मागा. भरलेले असतील तर भरलेल्या, कोरे असतील तर कोऱ्याच, तारीख घालून. दिल्या नाहीत तर ‘सकाळी दोन कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या’ असा मेल रुग्णालयाला आणि विमा कंपनीला आजच टाका. काय उत्तर येतं ते इथे लिहा.